पहाटेची हवा : पंचगंगेकाठच्या एका गावातील प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

हवेतील बारीक कण मोजणाऱ्या आमच्या पाचपैकी चार यंत्रे आज बसवून झाली. एक शाळेच्या गच्चीवर, दुसरे गावाबाहेरच्या गुऱ्हाळालगतच्या घरी, तिसरे कोल्हापूर शहरात रंकाळ्याजवळ एका सहकारी शिक्षकांच्या घरी आणि चौथे शिरोली औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या वस्तीत आहे. पाचवे यंत्र आळत्याजवळ रामलिंगच्या डोंगराच्या पायथ्याशी, जिरायती शिवारात बसवायचे आहे. हे शेवटचे ठिकाण मी हट्टाने घेतले. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळच्या बाजूला तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. एकाच जिल्ह्यात कोकणासारखी ओल आणि माणदेशासारखी धूळ अशी दोन्ही टोके असताना केवळ ऊसपट्ट्यातील हवा मोजून तिला ‘कोल्हापूरची हवा’ म्हणणे मला पटत नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा हवेचे मानक सातत्याने न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचे आणि शेजारच्या सांगलीचेही नाव होते. शहरात शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड या ठिकाणी हवेचे नमुने घेतले जातात. राष्ट्रीय कार्यक्रमातील अशा केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस, नमुने घेण्याची पद्धत आहे. आमच्या गावात असे केंद्र नाही. गावाकडची हवा चांगलीच असणार, असे आपण सगळेच गृहीत धरतो, आणि त्या गृहीतकाला हात लावण्यासाठीच हा प्रकल्प आहे.

एक नियम आजच लिहून ठेवतो. आमची यंत्रे स्वस्तातली आहेत. त्यांत एक छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरचा किरण त्या हवेतून जातो आणि कणांवर आदळून विखुरलेल्या प्रकाशावरून यंत्र पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, अंदाज करते. ते कणांचे वजन करीत नाही. त्यामुळे खऱ्या वजनाच्या मोजणीशी ताडून पाहिल्याखेरीज या यंत्रांचा एकही आकडा कोणाला सांगायचा नाही. तोवर फक्त कोणत्या वेळी हवा जास्त मळते आणि कोणत्या वेळी निवळते, एवढेच पाहायचे.

११ ऑक्टोबर २०२४

पहाटे शाळेच्या यंत्राने एवढी उंच उडी घेतली की दहावीच्या दोघी विद्यार्थिनी धावतच माझ्याकडे आल्या. बाहेर धूर कुठेच नव्हता, नदीवरून आलेले दाट धुके मात्र होते. हवेतील आर्द्रता खूप वाढली की कण पाणी ओढून फुगतात, फुगलेले कण अधिक प्रकाश विखुरतात आणि यंत्राला ते प्रदूषण वाटते. मुलींना हे सांगितल्यावर त्यांनी विचारले की मग हिवाळ्यातील प्रत्येक सकाळी यंत्र आपल्याला फसवणार का. प्रश्न अगदी बरोबर आहे. आजपासून प्रत्येक नोंदीसोबत आर्द्रता लिहायची आणि ती ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर त्या तासापुढे खूण करायची, असे ठरले.

२ नोव्हेंबर २०२४, दिवाळी पाडवा

फटाक्यांची रात्र अपेक्षेप्रमाणेच गेली, तिच्यावर अधिक लिहीत नाही. नोंद घ्यावी अशी गोष्ट परवाच्या नरकचतुर्दशीच्या पहाटेची आहे. शाळेच्या यंत्राच्या आकड्यांवरून काढलेल्या आलेखाची रेघ चार वाजल्यापासूनच चढू लागली, तेव्हा गावात फटाके अजून सुरूही झाले नव्हते. कारण उमगायला थोडा वेळ लागला. अभ्यंगस्नानासाठी गावातील बहुतेक घरांतले बंब त्या वेळी पेटले होते. आमच्याकडे गॅस घरोघर आला, तरी अंघोळीचे पाणी अजून बंबातच तापते, आणि बंबात लाकूड, शेणी, चिपाड, उसाची बुडखी, वेळप्रसंगी प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा जातात. या धुराला आम्ही कधी प्रदूषणात मोजलेच नव्हते. प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यात धुराच्या उगमांची यादी केली होती, तीत बंब हा शब्दही नाही.

२४ नोव्हेंबर २०२४

राज्यात गाळप हंगामाला १५ तारखेपासून परवानगी होती, पण आमच्या परिसरात विधानसभेचे मतदान २० तारखेला पार पडल्यावरच गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे कारखान्याचे गाळप सुरू झाले. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली आहे आणि बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या झोपड्या माळावर उभ्या राहिल्या आहेत. आता आकडे वाढतील तेव्हा कारखान्याचा दोष सरळ दिसेल, असे सर्वांना वाटते आहे. मलाही वाटते आहे, म्हणूनच जपून राहायला हवे.

१ डिसेंबर २०२४

मागील आठवड्याच्या सर्व रेघा एका मोठ्या कागदावर एकाखाली एक काढल्या आणि चित्र एकदम स्पष्ट झाले. गावातील यंत्राची रेघ दिवसातून तीनदा वर चढते. पहिला उंचवटा पहाटे पाच ते साडेसातचा, दुसरा नऊ ते दहाच्या सुमाराचा आणि तिसरा सूर्यास्तानंतरचा आहे. दुपारी तीन-चार वाजता रेघ दिवसातील सर्वांत खालच्या पातळीला असते. कारखाना चोवीस तास चालतो, त्याच्या धुराड्याला दुपारची सुटी नसते. मग दुपारी हवा निवळते कशी?

उत्तर जमिनीजवळच्या तापमानात आहे. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्या लगतची हवा गार पडते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात ‘तापमानाची विपरीतता’ म्हणून आपण जे शिकवतो ते हेच. गार हवा जड असल्याने वर चढत नाही, आणि धूर तिच्यासोबत तळाशी कोंडून राहतो, जणू गावावर झाकण ठेवले आहे. नदीकाठच्या सखल भागात हा परिणाम अधिक, कारण आजूबाजूच्या चढांवरून गार हवा रात्रभर खाली उतरत असते. दुपारी ऊन जमीन तापवते, हवा वर उसळते, झाकण निघून जाते आणि तोच धूर कितीतरी मोठ्या उंचीत विखरून विरळ होतो. धूर तेवढाच निघतो, पण तो किती जागेत मावतो ते तासागणिक बदलते.

पहाटेचा उंचवटा कारखान्याचा आहे, असे आता मला वाटत नाही. नऊच्या उंचवट्याबद्दल मात्र शंका आहे.

५ डिसेंबर २०२४

निसर्गाने आपणहून एक प्रयोग करून दाखवला. फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याच्या अवशेषांमुळे आपल्याकडे आभाळ भरून राहिले. रात्रीची थंडी पळाली. या ढगाळ दिवसांत बंब रोजच्यासारखे पेटले, गुऱ्हाळे चालू राहिली आणि कारखाना थांबला नाही, तरी पहाटेचा उंचवटा जवळजवळ सपाट झाला. ढग असले की जमिनीची उष्णता निसटून जात नाही, जमिनीलगतची हवा तेवढी गार होत नाही आणि झाकण बसत नाही. आर्द्रता वाढलेली असताना यंत्राने उलट जास्त आकडा दाखवायला हवा होता, तो कमी दाखवला, म्हणून या निरीक्षणावर माझा विशेष भरवसा आहे.

१५ डिसेंबर २०२४, जोतिबाचा डोंगर

थंडी पुन्हा कडक पडली आहे. आज पहाटे सहा विद्यार्थी आणि दोन पालक यांच्यासह जोतिबाच्या डोंगरावर गेलो. देवळात दर्शन घेऊन उजाडण्यापूर्वीच पूर्वेच्या कड्यापाशी येऊन थांबलो. हे दृश्य पाहण्यासाठी मी महिनाभर चांगल्या थंडीची वाट पाहत होतो.

उजाडताना खाली पंचगंगेचे खोरे दिसले नाही. त्याच्या जागी निळसर करड्या रंगाचा एक थर पसरला होता, आणि त्याचा वरचा काठ आखणीने ओढावा तसा सपाट होता. त्या थरातून झाडांचे शेंडे आणि एखाददुसरी पाण्याची टाकी तेवढी वर आलेली होती. नदीचे वळण कोणते, गाव कोणते, हे ओळखायला मुलांना बराच वेळ लागला. एका विद्यार्थ्याने गुऱ्हाळाचा धूर बोटाने दाखवला. तो सरळ वर चढला, थराच्या काठापर्यंत पोचला आणि तिथे कशाला तरी अडल्यासारखा आडवा पसरला. दूर पूर्वेला कारखान्याच्या उंच धुराड्यातून निघालेला पट्टा मात्र थराच्या वर होता. तो खाली न येता एका लांब, चपट्या रेषेत सरकत चालला होता.

सव्वाआठच्या पुढे ऊन चढले तसा थराचा काठ विस्कटू लागला. खालची हवा उसळून वर येऊ लागली आणि नऊच्या सुमारास वरचा तो चपटा पट्टा वाकडातिकडा होऊन खाली मिसळताना आम्ही सर्वांनी पाहिला. दुसऱ्या उंचवट्याचे कोडे मला तिथे सुटले. रात्रभर डोक्यावरून जाणारा उंच धुराड्याचा धूर झाकण फुटताना खाली ओढला जातो आणि तास-दीड तास जमिनीवर येतो. म्हणजे पहाटेचा धूर ठेंगण्या धुराड्यांचा, बंबांचा आणि चुलींचा, तर नऊचा धूर बऱ्याच अंशी उंच धुराड्यांचा असावा. ‘असावा’ हा शब्द मी मुद्दाम ठेवतो, कारण डोळ्यांनी पाहिलेल्या एका सकाळीवरून याहून अधिक म्हणता येत नाही.

उतरताना एका मुलीने विचारले, ‘सर, आपलं घर त्याच्या आत हाय नव्हं?’ मी होय म्हणालो. त्यानंतर पायथ्यापर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

२२ डिसेंबर २०२४, गुऱ्हाळ

गुऱ्हाळमालकांनी आनंदाने येऊ दिले, हे आधी नोंदवतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे आणि धुरासाठी कोणी आपल्याला दोषी ठरवायला आले आहे, असे त्यांना वाटू नये अशी माझी मनापासून इच्छा होती.

पहिली काहील, म्हणजे रस उकळण्याची मोठी कढई, चुलवाणावर पहाटे तीनला चढते. जळण सगळे चिपाडाचे, म्हणजे रस काढल्यावर उरलेले, उन्हात वाळवलेले. चांगले वाळलेले चिपाड भडकून जळते आणि धुराड्यातून पातळ धूर निघतो. पण रात्रभर उघड्यावर पडलेल्या ढिगाच्या वरच्या थरावर दव पडते, आणि पहिल्या तासाभरात नेमके तेच ओलसर चिपाड चुलवाणात जाते. ओले जळण पुरते जळत नाही, म्हणून पांढरट, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. गुळव्यांनी स्वतःच सांगितले की जाळ नीट लागला नाही तर काहिलीला वेळ लागतो आणि गुळाचा रंगही बिघडतो. म्हणजे त्यांचे आणि आमचे हित एकच आहे. रात्री ढिगावर ताडपत्री टाकायची, असे ठरले. शाळेकडे स्नेहसंमेलनाच्या मांडवाची जुनी ताडपत्री होती, ती आजच पोचवली.

कारखान्याच्या काजळीबद्दलही तिथे गप्पा निघाल्या. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण पडतात, ही घरोघरची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण डोळ्यांना दिसणारी ही काजळी मोठ्या कणांची असते. ती कपड्यांवर, फार तर नाकात, अडते. फुप्फुसात खोल उतरतात ते अडीच मायक्रॉनहून लहान कण. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मपणाचा अंदाज यावा. ज्या सकाळी कपडे स्वच्छ राहतात त्या सकाळी हवाही स्वच्छ असते, असे मानता येत नाही.

६ जानेवारी २०२५

शहरातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने फिल्टर कागदावर कण गोळा करणारे यंत्र आठवडाभर वापरायला दिले. कागद आधी चोवीस तास कोरड्या वातावरणात ठेवून वजन करायचे, ठरलेल्या वेगाने हवा ओढायची, पुन्हा कोरडा करून वजन करायचे आणि फरक हवेच्या आकारमानाने भागायचा. हे काम कष्टाचे असले तरी विश्वासाचे आहे. ताडून पाहता आमची यंत्रे दमट पहाटेला बरीच जास्त आणि कोरड्या दुपारी थोडीच जास्त दाखवतात असे दिसले. आर्द्रतेची दुरुस्ती केली की पहाटेचा उंचवटा ठेंगणा होतो, पण नाहीसा होत नाही. दोघी विद्यार्थिनींच्या ऑक्टोबरमधल्या प्रश्नाचे उत्तर आज मिळाले. यंत्र काही अंशी फसवते, पण धूर खरा आहे.

आठवडाभराचे कागद हातात घेऊन पाहिले तेव्हा सर्वांवर सारखाच राखाडी रंग होता, आणि त्यात पहाट कुठली, दुपार कुठली, हे काहीच दिसत नव्हते. सरासरीचे असेच होते. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. वर्गात मी मुलांना एक कल्पित उदाहरण दिले. समजा, पहाटेचे तीन तास हवेत १५० मायक्रोग्रॅम कण आहेत आणि उरलेले एकवीस तास केवळ ३० आहेत. सरासरी किती? ४५ मायक्रोग्रॅम. हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या तक्त्यात ३१ ते ६० या टप्प्याला ‘समाधानकारक’ म्हणतात. गणित बरोबर आहे, मानकही मोडलेले नाही, आणि तरीही त्या तीन तासांत जो घराबाहेर होता त्याने समाधानकारक हवा घेतलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा तर अवघी १५ आहे.

मग त्या तीन तासांत घराबाहेर असते कोण? गवळी, वर्तमानपत्र टाकणारी मुले, फडात निघालेले ऊसतोड कामगार आणि त्यांची लेकरे. तालमीत जोर-बैठका मारणारे मल्ल. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी उसाच्या रस्त्याने पाच वाजता धावणारी, माझ्याच हाताखालून गेलेली पोरे. धावताना माणूस विश्रांतीच्या कित्येक पट हवा आत घेतो. ‘पहाटेची शुद्ध हवा’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो, मीही वर्गात सांगितले आहे. हिवाळ्यात आमच्या गावापुरते ते उलटे आहे, आणि हे त्या पोरांना सांगणे माझे कर्तव्य आहे.

१९ जानेवारी २०२५

संध्याकाळच्या उंचवट्यामागे बंबाहून वेगळे कारण आहे. तोडणी झालेल्या फडातील पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, सूर्यास्ताच्या सुमारास पेटवली जातात, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि आग शेजारच्या उभ्या उसात जाण्याची भीती कमी असते. दुर्दैवाने वारा पडण्याची आणि झाकण बसण्याची वेळ एकच. काही ठिकाणी तर मजूर मिळत नाहीत म्हणून तोडणीआधी उभा ऊसच पेटवतात. त्यात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जळून वैरण बुडते आणि जळक्या उसाच्या दरात कपात होते.

आज ज्यांच्या रानात पाचट पेटले होते, त्या शेतकऱ्यांशी बांधावर बसून तासभर बोललो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते, त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि जवळपास एक टक्का पालाश असतो, ते जाळले की सेंद्रिय कर्ब आकाशात जातो, हे सगळे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. पाचट एक सरी आड लोटायचे, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाकायचे, बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि खत पहारीने द्यायचे, ही शिफारसही त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवली. मग म्हणाले, ‘गुरुजी, पाचट ठेवलं की पानी म्होरं सरकत न्हाई, रानात उंदरं हुत्यात, आन् शेजाऱ्यानं त्याचं पेटवलं की ठिणगी माझ्यात येतीया. मी एकट्यानं ठेवून काय करू?’

यातील शेवटची अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाण्यावर आणि उंदरांवर उपाय आहेत, कुट्टी यंत्राने पाचट बारीक केले तर पाणीही अडत नाही. पण शेजाऱ्याच्या ठिणगीची भीती एकट्याने दूर होत नाही. लागून असलेल्या सात-आठ रानांनी मिळून एकाच हंगामात पाचट ठेवायचे ठरवले तरच ती जाईल. शाळेच्या दप्तरातील आकड्यांनी हे होणार नाही, बांधावरच्या बैठकीने होईल. पुढच्या हंगामाआधी अशी एक बैठक बसवायचीच.

२७ जानेवारी २०२५

काल प्रजासत्ताक दिनाला मैदानावर मुले रांगेत उभी असताना माझे लक्ष सारखे गच्चीवरच्या यंत्राकडे जात होते. ध्वजवंदनाची वेळ बदलण्याचा प्रश्न नाही. मात्र शनिवारच्या सकाळच्या शाळेतील कवायत डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पहिल्या तासाऐवजी शेवटच्या तासाला घ्यावी, असे मुख्याध्यापकांनी आजच्या सभेत मान्य केले. थंडीत दम्यामुळे वारंवार गैरहजर राहणारी आठवीतील एक विद्यार्थिनी आहे. तिच्या हजेरीची आणि आमच्या रेघेची सांगड घालण्याचा मोह मला झाला होता, पण एका मुलीच्या हजेरीवरून काही सिद्ध होत नाही आणि तिला उदाहरण करणे योग्यही नाही. ती गेले दोन शनिवार आली होती, एवढेच समाधानाने लिहितो.

१६ फेब्रुवारी २०२५

शिरोलीच्या यंत्राची रेघ वेगळीच आहे. तिला उंचवटे आहेत, पण दुपारची घळ उथळ आहे. ओतकाम कारखान्यांची वाळू आणि भट्ट्या, शेजारून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, अवजड वाहनांनी उडवलेली धूळ, यांत कोणाचा वाटा किती, हे आमच्या यंत्रांना सांगता येणार नाही. त्यासाठी कणांचे रासायनिक पृथक्करण लागते. या ठिकाणाबद्दल निष्कर्ष लिहायचा नाही.

१६ मार्च २०२५

यंदा गाळप लवकर आटोपले. कारखान्याची शिट्टी थांबली, झोपड्या उठल्या. नऊचा उंचवटा पंधरा दिवसांत विरघळून गेला, जोतिबावर बांधलेल्या अंदाजाला यामुळे बळ मिळते. पहाटेचा उंचवटा मात्र ठेंगणा होऊन टिकून आहे, कारण बंब अजून पेटतातच. होळीच्या रात्री रेघ चढली आणि दुसऱ्या दुपारपर्यंत उतरली.

गुऱ्हाळाजवळच्या यंत्राकडे पाहता ताडपत्रीनंतर पहाटेचा पहिला तास आधीइतका वाईट राहिला नाही असे दिसते. पण याच काळात थंडीही कमी झाली, त्यामुळे श्रेय ताडपत्रीला किती, हे पुढच्या हिवाळ्यात दोन आठवडे झाकून आणि दोन आठवडे उघडे ठेवूनच कळेल.

२० एप्रिल २०२५, रामलिंगचा पायथा

आता हवेचा स्वभाव पालटला आहे. ऊसपट्ट्यात हिवाळा वाईट, तर या जिरायती बाजूला उन्हाळा. नांगरट झालेली रिकामी राने, कच्चे रस्ते, दुपारच्या वावटळी. घरात भांड्यांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. आणि आमचे यंत्र मात्र हवा बरी असल्याचे सांगते! यंत्र बिघडलेले नाही. मातीची धूळ बहुतांशी जाड कणांची असते, आणि लेझरची ही छोटी यंत्रे बारीक धूर चांगला पाहतात, जाड धूळ फार कमी पाहतात. हट्टाने निवडलेल्या ठिकाणी मी चुकीचे साधन ठेवले, हे मान्य करायला हवे. जाड कणांसाठी इथे फिल्टर कागदाचीच मोजणी हवी होती. मे महिन्यात दोन आठवड्यांसाठी ते यंत्र पुन्हा मागितले आहे.

संध्याकाळी पश्चिमेचा गार वारा आला की गावात सगळे अंगणात येऊन बसतात. समुद्रावरून घाट चढून येणारा हा वारा कोल्हापूरच्या उन्हाळ्याचे सुख आहे, आणि रंकाळ्याच्या यंत्रावरही तो स्पष्ट दिसतो, वारा सुटताच रेघ उतरते.

२६ मे २०२५

मोजणी झाली नाही. २० तारखेपासून पाऊस लागून राहिला आहे आणि मोसमी पाऊस तळकोकणात कालच पोचला, नेहमीच्या जूनच्या पहिल्या आठवड्याऐवजी मेअखेरीसच. आणलेले यंत्र खोक्यातून बाहेर काढताच आले नाही. रामलिंगच्या धुळीचे पान यंदा कोरे राहणार. शेतकऱ्यांची पेरणीपूर्व मशागत अडली आहे, त्यापुढे आमची अडचण किरकोळ आहे, तरी वाईट वाटले.

१४ जून २०२५

यंत्रे उतरवली. पावसाने धुतलेल्या हवेत रेघ तळाशी सपाट पडली आहे, आणि दमट हवेमुळे उरलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यासारखी स्थितीही नाही. गुऱ्हाळाजवळचे यंत्र उघडले तेव्हा पंख्याच्या पात्यांवर तपकिरी, चिकट थर होता. शाळेच्या यंत्राच्या तोंडाशी कोळ्याने जाळे केले होते. ते केव्हा केले असेल ते ठाऊक नसल्याने मे महिन्याच्या तिथल्या सर्व नोंदी बाद केल्या.

पुढच्या हंगामासाठी ठरले ते असे : बंब असलेल्या प्रत्येक घरात काय जळते आणि किती वाजता, याची पाहणी दोघी विद्यार्थिनींच्या जागी येणारी नववीची तुकडी करील. पाचटाच्या बैठकीला बांधावरचे ते शेतकरी येणार आहेत, सात रानांपैकी तिघांशी त्यांनी स्वतः बोलणे केले आहे. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांपैकी चौघे जानेवारीनंतर दुपारी चारला धावू लागले होते, बाकीच्यांना दुपारी रानातले काम असते, त्यांच्यासाठी वेगळी वेळ शोधावी लागेल. तालमीच्या वस्तादांनी काल निरोप पाठवला की आखाड्यातली हवा एकदा मोजून द्या. सप्टेंबरअखेर पहिले यंत्र तिथे, दाराच्या आतल्या बाजूला, मल्लांच्या नाकाच्या उंचीवर बसवायचे.